दुखण्याची चौकशी

६ नोव्हेंबर २०२४, बुधवार, कऱ्हाड

दिवाळी सरली. लेक-जावई, नातवंडं काल पुण्याला परतली आणि डाव्या गुडघ्याकडे लक्ष द्यायला पुन्हा सवड झाली. जूनमध्ये ऑपरेशन झालं. बाहेर वाकलेला पाय सरळ झाला. कूस बदलताना जीव घेणारी ती जुनी कळ गेली, जिना चढता येऊ लागला. हे सगळं खरं आहे आणि त्याबद्दल मी डॉक्टरांची मनापासून ऋणी आहे. पण वाटीच्या आतल्या अंगाला, जरा खाली, एक जागा अशी आहे की साडीचा काठ घासला तरी चमक निघते. चालताना दुखतं, नुसतं बसलं तरी दुखतं. रात्री त्या पायावर पांघरूण नकोसं होतं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा भाग बधिर आहे. गेल्या महिन्यापासून तिथेच लालसर चट्टा उठलाय. खाज सुटते, कोंडा पडतो, खाजवलं की पाणी सुटतं.

भाऊबीजेला वन्सं आल्या होत्या. चट्टा बघून म्हणाल्या, "वहिनी, आतला धातू तुमच्या अंगाला सोसत नाहीये. डॉक्टरांना स्पष्ट विचारा."

ते बोलणं मनात घर करून बसलंय, कारण त्याला आधार आहे. खोटे दागिने मला कधीच चालले नाहीत. लग्नाकार्यात बेन्टेक्सची कानातली घातली की दुसऱ्या दिवशी पाळ्या सुजायच्या, चिघळायच्या. घड्याळाच्या पट्ट्याच्या बकलाखाली मनगटावर कायम काळा डाग असायचा. ऑपरेशनच्या आधी भरून घेतलेल्या कागदावर औषधांच्या अ‍ॅलर्जीचा रकाना होता. पेनिसिलीन, सल्फा, भूल, सगळं विचारलं होतं. धातूबद्दल एक ओळही नव्हती.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज फाईल काढून बसले. ह्यांनी डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, बिलं सगळं तारखेवार लावून ठेवलंय. ऑपरेशनच्या कागदाच्या मागे कृत्रिम सांध्याच्या खोक्यावरची लेबलं चिकटवलेली सापडली. एकेका भागाचा आकार, बॅच नंबर, आणि बारीक अक्षरात तो कशाचा बनवला आहे ते. भिंग घेऊन वाचलं आणि वहीत उतरवून घेतलं.

मांडीच्या हाडाच्या टोकावर बसवलेला भाग कोबाल्ट-क्रोमचा. या मिश्रधातूत साठ टक्क्यांहून अधिक कोबाल्ट असतं, क्रोमियम २७ ते ३० टक्के, थोडं मॉलिब्डेनम, आणि निकेल एक टक्क्याच्या आत. नडगीच्या हाडावरची बैठक टायटॅनियमची, त्यात थोडं अ‍ॅल्युमिनियम आणि व्हॅनेडियम. दोन्हींच्या मध्ये पॉलिथिलीनची जाड चकती, म्हणजे धातूवर धातू घासत नाही. आणि हे सगळं हाडाला पक्कं धरून ठेवणारं सिमेंट. ते अ‍ॅक्रिलिकचं असतं, माझ्या सिमेंटात जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलेलं आहे.

गेल्या वर्षी पुतण्याचा हात मोडला तेव्हा घातलेली पट्टी स्टीलची होती. शरीरात घालण्याच्या स्टीलमध्ये निकेल साधारण १३ ते १५ टक्के असतं. त्या मानाने माझ्या गुडघ्यात निकेल नावापुरतंच. पण अ‍ॅलर्जी असलेल्याला नावापुरतंही पुरत असेल का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवला. गुरुवारी पुण्याला जायचंय.

१४ नोव्हेंबर, गुरुवार, पुणे

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला. "काकू, सांधा एकदम व्यवस्थित बसलाय. हाड आणि सिमेंटच्या मध्ये कुठे काळी रेघ नाही. सहा महिने, वर्षभर थोडंफार राहतं."

मी वही उघडली. दुखतं कुठे, कधी, कशानं वाढतं, हे तारखेवार वाचून दाखवलं. कानातल्यांचं सांगितलं, चट्टा दाखवला आणि सरळ विचारलं, "हे धातूमुळे असेल का?"

मग ते शांतपणे बोलले. गुडघा बदललेल्या साधारण पाचांतल्या एकाला पुढेही काही ना काही दुखणं राहतं, हे त्यांनीच सांगितलं. ऑपरेशनच्या आधी हा आकडा मला कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं. त्या दुखण्याची कारणं पुष्कळ आहेत. जंतुसंसर्ग, सांधा सैल होणं, भाग जरा फिरून बसणं, अस्थिबंध सैल किंवा फार ताणलेले राहणं, वाटीची अडचण, खुब्यातून किंवा कमरेतून उतरलेली कळ, कातडीच्या नसा, मज्जातंतूंचा बिघाड. धातूची अ‍ॅलर्जी या यादीत आहे, पण सर्वांत शेवटी. कारण तिच्यासाठी अशी एकही तपासणी नाही की जी एकटी होकार देईल. बाकी सगळं नाही असं ठरलं, तरच तिच्याकडे बोट दाखवायचं. म्हणाले, "तुमची शंका मी लिहून घेतो. पण आधी जंतू. ते राहून गेले तर सांधाच जाईल."

त्यांनी कंबर वाकवून बघितली, खुबा फिरवला, गुडघा दोन्ही बाजूंनी दाबून हलवून पाहिला. ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. सांध्याचे भाग फिरून बसलेत का हे बघायला सीटी स्कॅन, आणि पुढच्या आठवड्यात सुईने गुडघ्यातलं पाणी काढायचं. तोवर कुठलंही अँटिबायोटिक घ्यायचं नाही. ते पोटात असेल तर जंतू असूनही तपासणीत दिसत नाहीत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार, पुणे

सीआरपी ३, ईएसआर २४. माझ्या वयाला दोन्ही ठीक. स्कॅनमध्ये भाग जागच्या जागी. आज ऑपरेशन थिएटरच्या स्वच्छतेत, गुडघा नीट पुसून, बाहेरून सुई घालून पाणी काढलं. फिकट पिवळं, निवळ होतं. पेशी मोजायला एक नळी गेली, जंतू वाढवून बघायला दुसऱ्या बाटल्या. काही जंतू फार सावकाश वाढतात, म्हणून चौदा दिवस थांबायचं.

लेक म्हणाली, "आई, हे थांबणंच जास्त छळतंय." तिचं खरं आहे. पण आज पहिल्यांदा वाटलं की माझ्या दुखण्याची कुणीतरी रीतसर चौकशी करतंय. त्यानेच अर्धा धीर आला.

२ डिसेंबर, सोमवार, मिरज

पुण्याच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिरजेच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे आले. त्यांनी पॅच टेस्ट डिसेंबरपर्यंत मुद्दाम लांबवली होती. उकाड्यात घाम आला की पट्ट्या सुटतात.

टेस्टच्या आधी त्यांनी एक गोष्ट करून दाखवली. माझं जुनं बेन्टेक्सचं कानातलं बरोबर न्यायला सांगितलं होतं. कापसाच्या काडीवर दोन बाटल्यांतले थेंब घातले, एकात डायमिथाइलग्लायॉक्झिम आणि दुसऱ्यात अमोनिया. ती काडी कानातल्याच्या फिरकीवर घासली. कापूस बघता बघता गुलाबी झाला. गुलाबी म्हणजे निकेल सुटतंय. दुसरी काडी माझ्या सोन्याच्या कुडीवर घासली, ती पांढरीच राहिली. इतकी वर्षं पाळ्या का चिघळत होत्या, ते त्या गुलाबी रंगात मिळालं.

मग पाठीवर छोट्या छोट्या वाट्यांच्या पट्ट्या लावल्या. निकेल, कोबाल्ट, क्रोमियम, शिवाय सिमेंटातली द्रव्यं आणि जेंटामायसिन. ही अ‍ॅलर्जी उशिरा उठणारी असते. पित्त उठतं तशी मिनिटांत नाही. शरीरातल्या टी-पेशी ओळख पटवून गोळा व्हायलाच दोन-तीन दिवस घेतात. म्हणून पट्ट्या दोन दिवस ठेवायच्या, काढल्यावर बघायचं, आणखी दोन दिवसांनी बघायचं, आणि धातूंसाठी सातव्या दिवशीही बघायचं. पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, वाकून काम नाही. मिरजेतच मावसबहिणीकडे राहिले आहे.

४ डिसेंबर, बुधवार, मिरज

पट्ट्या काढल्या. निकेलच्या जागी लाली आणि बारीक पुरळ. पुण्याहून फोन आला, चौदा दिवसांत कुठलाही जंतू वाढला नाही. पेशींची संख्याही कमीच होती. सगळ्यात मोठी भीती मिटली.

६ डिसेंबर, शुक्रवार, मिरज

निकेलच्या जागेवर पाण्याच्या पुटकुळ्या. बाईंनी कागदावर दोन अधिक चिन्हं मांडली. कोबाल्टच्या जागी अगदी पुसट लाली, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह. क्रोमियम आणि सिमेंट, दोन्ही स्वच्छ.

बाईंनी आज चट्ट्याकडे वळून फार बारकाईने बघितलं. कापसाचा एक तंतू ओढून काढला, मला डोळे मिटायला सांगितले आणि तो गुडघ्यावर निरनिराळ्या जागी टेकवत विचारत गेल्या, "कळलं? आता?" जिथे कळेनासं झालं तिथे पेनाने ठिपका. ठिपके जोडल्यावर बधिर भागाची हद्द उमटली. मी डोळे उघडून बघितलं तर लाल चट्टा सगळाच्या सगळा त्या हद्दीच्या आत होता. बाहेर एक डागही नाही.

त्या म्हणाल्या, "काकू, धातूची अ‍ॅलर्जी पेनाची रेघ पाळत नाही. गुडघ्याला मधोमध उभा छेद घेतला की वाटीखालून आडव्या जाणाऱ्या कातडीच्या नसेचे फाटे कापले जातात. ते टाळता येत नाही. त्या नसेच्या हद्दीतली कातडी बधिर होते, कोरडी पडते आणि काहींना तिथे असा इसब उठतो. गुडघा बदललेल्यांमध्ये आम्ही हे बघतो." जाड मलम सकाळ-संध्याकाळ आणि सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस, एवढीच औषधं.

९ डिसेंबर, सोमवार, मिरज

शेवटची पाहणी. कोबाल्टची लाली पूर्ण गेली, निकेल कायम. कागदावर निदान: निकेलची स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी.

मी विचारलं, "म्हणजे गुडघ्यालाही आहे?"

त्यांचं उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण हे प्रत्येकाला कळायला हवं. कातडीची अ‍ॅलर्जी म्हणजे सांध्याची अ‍ॅलर्जी नव्हे. कातडीत जशा पहारेकरी पेशी असतात तशा सांध्याच्या खोल भागात नसतात. बायकांमध्ये दहातल्या एकीला तरी निकेल चालत नाही. तेवढ्यावर गुडघे बिघडत असते तर दर दहातल्या एका बाईचा गुडघा काढावा लागला असता. तसं घडत नाही. डेन्मार्कमध्ये सांधेबदलाची देशभराची नोंदवही आहे. ती पॅच टेस्टच्या नोंदींशी ताडून २०१५ साली अभ्यास प्रसिद्ध झाला. धातूची अ‍ॅलर्जी असलेल्यांचे गुडघे पुन्हा बदलायची वेळ जास्त येते, असं त्यात दिसलं नाही. मात्र ज्यांचा गुडघा वारंवार बदलावा लागला, त्यांच्यात कोबाल्ट आणि क्रोमियमची अ‍ॅलर्जी जास्त आढळली. म्हणून शंका अजिबात फेकूनही द्यायची नाही. कुठेच कारण सापडत नाही, सांध्याचं अस्तर सतत सुजलेलं, चट्टे अंगावर इतरत्रही, अशा मोजक्या रुग्णांत भाग बदलल्यावर आराम पडलेला आहे.

१२ डिसेंबर, गुरुवार

घरी आले. बातमी माझ्या आधी पोचली होती. आज दिवसभर माणसं येऊन सल्ले देऊन गेली. "अ‍ॅलर्जी निघाली ना? मग काढूनच टाका." एकांनी २०१०च्या त्या कृत्रिम खुब्यांची आठवण काढली. ते खुबे कंपनीने जगभरातून परत मागवले होते, आपल्याकडेही कितीतरी रुग्णांनी त्यापायी भोगलं. पण त्यात धातूच्या वाटीत धातूचा गोळा फिरायचा. घासून कोबाल्ट-क्रोमचा कीस आजूबाजूच्या मांसात आणि रक्तात जात होता. तो झिजेचा आणि विषाचा प्रश्न होता. माझ्या गुडघ्यात मध्ये प्लॅस्टिक आहे. दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाहीत.

आणि काढून टाका म्हणणं सोपं आहे. पक्का बसलेला सांधा काढताना सिमेंटबरोबर हाडही जातं. दुसऱ्या ऑपरेशनात जंतुसंसर्गाचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. शिवाय दुखण्याचं कारण सापडलेलं नसताना नुसता सांधा बदलला, तर पुष्कळांचं दुखणं तिथेच राहतं. ह्यांनी सगळ्यांना चहा दिला आणि सांगितलं, "डॉक्टर बघतील ते बघू." त्यांच्या या एका वाक्याचा मला आज फार आधार वाटला.

२० डिसेंबर, शुक्रवार, पुणे

मिरजेच्या बाईंचा कागद डॉक्टरांनी पूर्ण वाचला. बधिर भागाचा नकाशा बघून ते थांबले आणि म्हणाले, "मग दुखणंही तिथलंच नाही ना, बघू." मी बोटाने जागा दाखवली. वाटीच्या आत, खाली, रुपयाएवढी. त्यांनी तिथे बोटाच्या टोकाने टकटक केलं. वीज निघावी तशी चमक बाहेरच्या बाजूला, थेट बधिर भागापर्यंत गेली. मी ओरडलेच.

कापलेल्या नसेचं टोक भरून येताना कधी कधी गाठीसारखं होतं आणि नुसत्या स्पर्शालाही पेटतं. खात्री करून घ्यायला त्यांनी त्याच जागी बारीक सुईने कातडीखाली बधिर करण्याचं औषध घातलं, लिग्नोकेन. दहा-पंधरा मिनिटांनी म्हणाले, "चाला आता." मी व्हरांड्यातून चालले, वळले, परत आले. दुखत नव्हतं. जिन्याच्या चार पायऱ्या चढून उतरले. दुखत नव्हतं. साडीचा काठ मुद्दाम घासून बघितला. काही नाही. बाकावर बसले आणि रडू आलं. लेकीने हात धरला.

धातू तोच, गुडघा तोच, आणि थोड्याशा औषधाने दुखणं थांबलं होतं. म्हणजे मूळ सांध्यात नव्हतं, कातडीखालच्या नसेत होतं.

८ जानेवारी २०२५, बुधवार

त्या दिवशीचा आराम औषध उतरेपर्यंतचाच होता, ते डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. आता रात्री नसेच्या दुखण्याची गोळी आहे, कमी मात्रेपासून सुरू केलेली. पहिल्या आठवड्यात सकाळी झापड यायची, आता नाही. गावातली फिजिओथेरपीवाली मुलगी येते. तिने नसेला स्पर्शाची सवय करायला शिकवलंय. आधी रेशमी कापड, मग सुती, मग टॉवेल, दिवसातून तीन-चार वेळा त्या जागेवर हलक्या हाताने फिरवायचं. बरोबर मांडीचा पुढचा स्नायू बळकट करायचे व्यायाम. दुखण्याने पाय जपला गेला होता आणि मांडी बारीक झाली होती. ते तिनेच टेप लावून दाखवलं.

चट्टा जवळजवळ गेला. कातडी अजून कोरडी आहे, मलम चालू आहे.

एवढ्याने भागलं नाही तर त्या जागी स्टिरॉइडचं इंजेक्शन आहे, रेडिओलहरींनी नस निकामी करता येते, आणि अगदी शेवटी गाठ काढायचं छोटं ऑपरेशन. बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

हळदीकुंकवाला चार घरं पायी जाऊन आले. वन्सं भेटल्या. त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. अ‍ॅलर्जी आहे हे त्यांनीच आधी ओळखलं होतं, त्यांच्यामुळेच तपासणी झाली, हेही सांगितलं.

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी प्रीतिसंगमावर. घाटाच्या पायऱ्या कठडा धरून उतरले आणि चढले. दुखणं संपलेलं नाही. पण पूर्वी दिवसभर असायचं, आता संध्याकाळी जाणवतं. पांघरूण चालतं.

उजवा गुडघाही पुढेमागे बदलावा लागणार. त्यासाठी डॉक्टरांशी आताच बोलून घेतलं. निकेलची अ‍ॅलर्जी आता माझ्या कागदावर पहिल्या पानावर आहे. ज्यांच्या अ‍ॅलर्जीची पक्की खूण आहे त्यांच्यासाठी वेगळे सांधे मिळतात. काहींवर टायटॅनियम नायट्राइडचा थर असतो, काहींचा मांडीकडचा भाग झिर्कोनियम आणि नायोबियमचा असतो. सगळ्यांना ते लागतात असा पुरावा नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमती बांधून दिल्या. तेव्हा कोबाल्ट-क्रोमच्या सांध्याला ५४,७२० रुपये आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये अशी कमाल मर्यादा होती, कर वेगळा. आकडे पुढे बदलत गेले, पण बांधलेली किंमत असते आणि ती विचारायचा आपल्याला हक्क आहे, हे ध्यानात ठेवावं. सांध्यामुळेच त्रास झाला असं डॉक्टरांना वाटलं, तर २०१५ पासून गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे अशा उपकरणांच्या तक्रारींची नोंद होते. ती रुग्णालाही करता येते.

ही पानं लेक मागून घेऊन तिच्या ओळखीतल्यांना देणार आहे, म्हणून शेवटी थोडं त्यांच्यासाठी. ऑपरेशनच्या आधी कानातलं, बकल, जीन्सचं बटण यांनी कधी त्रास झाला असेल तर कुणी विचारायची वाट न पाहता सांगा आणि लिहून घ्यायला लावा. खोक्यावरची लेबलं मागून घेऊन जपून ठेवा. दुखतं कुठे आणि कशाने, ते तारखेसह वहीत लिहा. पॅच टेस्टच्या एका कागदावर सांधा काढायला तयार होऊ नका. आणि महिने उलटूनही दुखत असेल तर 'वयाने होतं' हे उत्तर घेऊन घरी बसू नका. जंतू, सांध्याची बैठक, खुबा आणि कंबर, कातडीची नस, आणि मग धातू, या क्रमाने तपासणी मागा. ती मिळेपर्यंत मागत राहा.